ऑनलाइन जुनी स्टीलची रोड सायकल: ३५ हजारांत घ्यावी का?

राजवाडा_ते_राऊ
नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात पुद्दुचेरीच्या एका विक्रेत्याने सायकल टाकली आहे आणि चार दिवस माझा जीव तिच्यात अडकलाय. फ्रेंच कंपनी प्यूजोची, पांढरी, ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल, पुढे २ मागे ५ असे १० गिअर. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार १९७८ ची, एकाच मालकाकडची, रेनॉल्ड्स ५३१ च्या (हलक्या, उंची पोलादाच्या) नळ्यांची. सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) ५३१ चा स्टिकर फोटोत स्वच्छ दिसतो. माप ५४ सेंमी लिहिलंय. मागतोय ३५ हजार, पाठवणीचा खर्च वेगळा. फोटो सहा: पाच उजव्या बाजूने, एक हँडलचा.

वापर म्हणजे रविवारी सकाळी राऊ-महू, अंगात आलं तर जानापाव, कधीतरी उज्जैन. उंची १७० सेंमी, पायाची आतली लांबी ७८.

किंमत रास्त आहे का? न पाहता घ्यावी का? आणि इथे सुटे भाग मिळतील का? फोटो खाली डकवले आहेत.

फुकटचा_सल्ला
नका घेऊ.

गादीखाली_फडकं
घ्या. आणि पत्ता माझा, ग्वाल्हेरचा द्या.

उलटे_आटे
किंमत नंतर बघू, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निकाल तिथेच लागणार आहे. प्यूजो, १९७८, म्हणजे जवळजवळ नक्की फ्रेंच मापं. ही मापं बाकी जगाशी इतक्या थोडक्याने चुकतात, की भाग बसतोय असं वाटतं आणि आटे जातात.

बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस फिरतो ते घर, दोन्ही बाजूंना आट्यांची कटोरी): फ्रेंच ३५ मिमी × १ मिमी, दोन्ही बाजूंना सुलटे आटे. इंग्लिश १.३७ इंच × २४ आटे, त्यात उजवी कटोरी उलट्या आट्यांची. आपले सगळे मिस्त्री इंग्लिश पद्धतीला सरावलेले. ते सवयीने उजवी कटोरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सोडवायला जातात. फ्रेंचमध्ये ती त्याने आणखी आवळते. मग लांब पाइप लावून जोर, आणि खेळ खलास. शिवाय उजवीकडे सुलटे आटे असल्यामुळे फ्रेंच कटोरी चालवताना आपोआप ढिली होऊ पाहते, म्हणून ती जबर आवळलेलीच असते.

हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग): २५ मिमी × १ मिमी. इंग्लिश १ इंच म्हणजे २५.४, २४ आटे. अदलाबदल नाही.

हँडलचा स्टेम: २२.० मिमी. बाजारात मिळतो २२.२. पॉलिश पेपरने ०.२ घासून बसवता येतो, त्याला हरकत नाही.

पायडल: १४ मिमी × १.२५. नेहमीचं पायडल ९/१६ इंच, म्हणजे १४.२८ मिमी, आट्यांची चालही वेगळी. दोन फेरे आत जातं आणि अडकतं. तिथे पाना लावला की क्रँक (पायडलचा दांडा) गेला.

फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच): ३४.७ × १. इंग्लिश ३४.८ च्या आसपास. हे सगळ्यात फसवं.

नळ्या: सीट ट्यूब २८ मिमी, इतरांची २८.६. पुढच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचा) पट्टा ढिला बसतो, आत पत्र्याची पट्टी घालावी लागते.

इंदुरात यातलं काहीही काउंटरवर मिळणार नाही. मुंबई-पुण्यातही नाही.

माळवी_मिसळ
थोडक्यात प्यूजो घेतली की रोज पूजा.

उलटे_आटे
नैवेद्य ग्रीसचा.

दांडिया_बाजार
उलटे_आटे यांच्याशी सहमत, पण मला वेगळीच शंका येतेय. तिसरा फोटो मोठा करून बघा. क्रँक जिथे आसावर बसतो तिथे बाजूने एक छोटा नट डोकावतोय. ती कॉटर पिन आहे, क्रँक आसाला घट्ट धरणारी पाचर. म्हणजे स्टीलचे कॉटरवाले क्रँक.

५३१ च्या फ्रेमवर कॉटरवाले क्रँक? प्यूजोची ५३१ ची वरच्या दर्जाची सायकल म्हणजे पीएक्स-१०. तिच्यावर स्ट्राँगलाइटचे ॲल्युमिनियमचे क्रँक यायचे. कॉटरवाले क्रँक, सिम्प्लेक्सचे प्लास्टिकचे डिरेलर, मफॅकचे सेंटर-पुल ब्रेक, पोलादी रिम, हा सगळा संच यूओ-८ चा. ती त्याच कारखान्याची सामान्य गिऱ्हाइकाची सायकल. नळ्या साध्या कार्बन स्टीलच्या.

स्टिकर नवा मिळतो हो. ऑनलाइनच मिळतो.

राजवाडा_ते_राऊ
अरे बापरे. पण क्रँक कोणीतरी नंतर बदलले असतील तर? मूळचे तुटले म्हणून?

दांडिया_बाजार
असू शकतं, म्हणून फ्रेमचीच साक्ष काढायची. तीन खुणा आहेत.

एक, मागच्या चाकाचा आस जिथे बसतो ते ड्रॉपआउट. चांगल्या फ्रेमवर ते घडीव, जाड असतात आणि त्यांवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं: कॅम्पाग्नोलो, सिम्प्लेक्स, सनटूर, शिमानो. स्वस्त फ्रेमवर जाड पत्र्यातून कापलेले, सपाट, बिननावाचे. फोटोत हे क्विक रिलीजच्या (चाक पटकन सोडवायच्या खटक्याच्या) मागे झाकलंय. चाक काढून फोटो मागा.

दोन, सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) व्यास. नळीची भिंत जितकी पातळ तितकं आतलं भोक मोठं, तितका पोस्ट जाड. इंग्लिश किंवा इटालियन मापाच्या चांगल्या फ्रेमवर २७.२ मिळतो. फ्रेंच नळी मुळात २८ ची, त्यामुळे पीएक्स-१० वर २६ च्या पुढे येतो. यूओ-८ चा २४. दोन मिलीमीटरचा फरक स्टिकर खोटा पाडायला भरपूर आहे. पोस्टच्या खालच्या टोकाला आकडा ठोकलेला असतो, नसला तर व्हर्नियर लावा.

तीन, वजन. सामान तोलायच्या लटकत्या काट्यावर टांगून व्हिडिओ काढायला सांगा. ५३१ ची फ्रेम आणि ॲल्युमिनियमचे भाग असले तर सायकल १०-११ किलोंत बसते. साधं स्टील आणि पोलादी रिम असेल तर १३ च्या अलीकडे येणं कठीण.

छर्रेवाला
+१. लोहचुंबकाची भर घाला. रिमला आणि क्रँकला चिकटला तर पोलाद. विक्रेत्याला सांगायला सोपं, आणि व्हिडिओत खोटं करता येत नाही.

जानापाव८५४
मंडळी, यूओ-८ निघाली म्हणजे लगेच टाकाऊ नव्हे. रविवारी राऊ-महू करणाऱ्या माणसाला तीन किलो जास्तीचे काय करणारेत? पोहे-जलेबीचंच वजन तेवढं होतं.

उलट गिअरचा हिशेब बघा. फोटोत पुढच्या चकत्या ५२ आणि ४० दातांच्या वाटतायत, मागची सर्वांत मोठी चकती २८ ची असावी. ४० भागिले २८, गुणिले चाकाचा व्यास २७: ३८.६ इंच. हा आकडा जितका लहान तितका चढ सोपा. जुन्या रेसिंग सायकलवर ४२ आणि २४ असायचे, ते ४७ च्या वर जातं. जानापावच्या शेवटच्या चढाला ४७ वर गुडघे रडतात. आणि कॅम्पाग्नोलोच्या जुन्या १४४ मिमीच्या (बोल्टच्या वर्तुळाच्या) क्रँकला ४२ दातांच्या खाली बहुतेक पुढच्या चकत्याच मिळत नाहीत. चढाच्या दृष्टीने स्वस्त प्यूजोच शहाणी.

उलटे_आटे
चढायचं ठरलं, उतरायचं काय? पोलादी क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक म्हणजे नवस बोलण्यासारखं आहे. ओल्या क्रोमवर रबर पकडतच नाही, थांबायला कोरड्याच्या कितीतरी पट अंतर लागतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सिमरोलच्या घाटात उतरायची सायकल नव्हे ही.

रिम बदलल्याशिवाय घेऊ नये असं माझं मत. पाटी नव्हे, मत.

जानापाव८५४
रिम बदलण्याबद्दल दुमत नाहीच. ॲल्युमिनियमच्या ७०० सी (आजच्या रोड सायकलच्या मापाच्या) घाला. २७ इंचीचा बीड सीटचा (टायरची कड रिमवर बसते तिथला) व्यास ६३०, ७०० सीचा ६२२. त्रिज्येत फरक फक्त ४ मिमी, तेवढी ब्रेक पॅड खाली सरकवायची. मफॅकच्या सेंटर-पुलला खाली भरपूर वाव असतो, सहज बसतात. वर टायरला जागाही वाढते. आपल्या काळ्या मातीत चाक रुतलं की चिखल ब्रेकच्या पुलाखाली गच्च भरतो, तेव्हा ती ४ मिमी कामी येते.

सुपली_भर_छर्रे
एक बाळबोध प्रश्न. २७ इंची टायर नाही मिळाले तर दुधवाल्याच्या सायकलचे २८ इंची चालतील का? एकच इंच तर फरक आहे.

छर्रेवाला
नाही चालणार, आणि गंमत अशी की फरक इंचाचा नाहीच. आपल्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ चा बीड ६३५ मिमी. २७ चा ६३०. ७०० सीचा ६२२. २६ × १ ३/८ चा ५९०. टायरवर लिहिलेला इंच हा टायर फुगल्यावरचा ढोबळ बाहेरचा आकडा, त्याच्यावर काही ठरवू नये. ६३५ चं टायर ६३० च्या रिमवर चढेल अगदी सहज, आणि हवा भरताना तितक्याच सहज उडेल.

२७ × १ १/४ आजही बनतात, पॅनारेसरचं पासेला त्यातलं चांगलं. पण जुन्या सरळ कडांच्या रिमला आतून हुक नसतो, तिथे ७०-७५ पौंडांवर जाऊ नये.

लष्कर_ग्वाल्हेर
धागाकर्त्यांनी फ्रेमच्या मापाबद्दल लिहिलंय, त्यावर कोणीच बोललं नाही. आतली लांबी ७८ गुणिले ०.६७, म्हणजे सुमारे ५२. पण हे माप बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) मध्यापर्यंतचं. विक्रेते बहुतेक वेळा सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात, ते दीडेक सेंमी जास्त येतं. म्हणजे त्याची ५४ तुमच्या हिशेबात ५२.५ असेल. बसेल. कुठून कुठे मोजलं ते मात्र टेप लावलेल्या फोटोसकट विचारा. आणि टॉप ट्यूबची लांबीही घ्या. सीट वर-खाली करता येते, टॉप ट्यूब कापता येत नाही.

माळवी_मिसळ
रच्याकने (बाय द वे), भिया, पुद्दुचेरीहून इंदूरपर्यंत आणायची कशी? चालवत?

लष्कर_ग्वाल्हेर
अवांतर नाही, कळीचा प्रश्न आहे. कुरिअरवाले वजन काट्यावर नाही, खोक्यावर मोजतात. लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, बहुतेक ठिकाणी भागिले ५०००. सायकलचं खोकं १४० × ७५ × २० धरा: ४२ किलो. सायकल १३ किलोंची, बिल ४२ चं. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), दोन्ही चाकं, हँडल, सीटपोस्ट काढून १०० × ७० × २० मध्ये बसवली तर २८. पण पुद्दुचेरीत तेवढं खोलून भरणारा माणूस हवा आणि इंदुरात ते जोडणारा.

रेल्वे पार्सल स्वस्त पडतं. पार्सल ऑफिसात पोती शिवून देणारे असतात, त्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. पॅकिंग विक्रेत्याने घरीच करावं. चाकं काढली तर चिमट्याच्या टोकांमध्ये आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये त्या त्या मापाचा लाकडी ठोकळा हवाच. वरून एक पोतं पडलं की मोकळी टोकं आत दबतात. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून चेनसकट कापडात गुंडाळून आत बांधायचा. पायडल काढायची, डाव्याचे आटे उलटे हे विक्रेत्याला आठवणीने सांगायचं.

फुकटचा_सल्ला
एवढं करण्यापेक्षा बाहेरच्या लिलावातून सरळ चांगली इटालियन का मागवत नाही?

दांडिया_बाजार
वापरलेल्या मालाची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे, परवाना लागतो. कस्टममध्ये अडकली की सायकल तिकडे आणि पावती इकडे.

गादीखाली_फडकं
पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. आगाऊ रक्कम पाठवू नका. आणि विक्रेत्याने 'खात्री करायला मी तुम्हाला एक रुपया पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हटलं की तिथेच रामराम. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. फसलातच तर पहिल्या तासात सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन, रक्कम गोठवायची शक्यता तेव्हाच जास्त.

फ्रेम नंबरचा फोटोही घ्या, बॉटम ब्रॅकेटच्या खाली किंवा ड्रॉपआउटजवळ असतो. नंबर घासलेला असेल तर सायकल कितीही देखणी असो, सोडा.

राजवाडा_ते_राऊ
सगळ्यांना दंडवत. विक्रेता माणूस बरा निघाला, न कुरकुरता आणखी फोटो देतो म्हणाला. नेमके कोणते मागू? एकदाच यादी देतो त्याला.

उलटे_आटे
यादी छोटी ठेवा, नाहीतर तो कंटाळेल. पण पहिले दोन सोडू नका.

डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) आणि टॉप ट्यूब जिथे पुढच्या हेड ट्यूबला (चिमटा फिरतो त्या आखूड नळीला) मिळतात, त्याच्या लगेच मागचा भाग, खालून. टॉर्च नळीवर तिरका धरून. सायकल समोरून आदळली की पहिली सुरकुती तिथे पडते. सरळ उजेडात ती दिसत नाही, तिरक्या उजेडात बारीक लाटेसारखी दिसते. रंग आडवा तडकला असेल तरी संशय घ्यावा.

चिमटा, अगदी बाजूने, कॅमेरा आसाच्या उंचीवर. चिमट्याचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेतच हवा आणि वाक खाली सुरू व्हायला हवा. वरचा भागच मागे गेलेला असेल तर धडक झालेली आहे. पुढचं चाक डाउन ट्यूबच्या फार जवळ वाटणं हीसुद्धा तीच खूण.

मग ड्रॉपआउट दोन्ही बाजूंनी, चाक काढून. सीट लग (सीटजवळ नळ्या जोडणारी बाही) मागून, बोल्टच्या कानाजवळ भेग असते. बॉटम ब्रॅकेट खालून. चेनस्टेच्या (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) आतल्या बाजू, तिथे पाणी साचून गंज आतून बाहेर येतो, रंगाखाली फोड दिसतात.

सिम्प्लेक्सचे डिरेलर प्लास्टिकचे, डेल्रिनचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ठिसूळ होतात. पुढच्याच्या पट्ट्यापाशी आणि मागच्याच्या बोल्टपाशी तडा बघा. तडा असेल तर किमतीत शून्य धरा.

आणि चेन. फूटपट्टी ठेवून पहिली पिन शून्य धरून २४ पिना मोजायच्या. बरोबर १२ इंच यायला हवेत. १/१६ इंच वाढली तर चेन बदला, १/८ वाढली तर फ्रीव्हीलही खाल्लेलं असणार.

छर्रेवाला
एक व्हिडिओही: सीटपोस्टचा बोल्ट ढिला करून पोस्ट हलवून दाखवणे. पुद्दुचेरी म्हणजे समुद्राची हवा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट जन्माचा बसतो. मग अमोनिया, रात्रभर भेदक तेल, सायकल उलटी करून पोस्ट शिकंजात धरून फ्रेम फिरवणं, आणि शेवटी कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम विरघळवतो, स्टीलला धक्का लावत नाही, पण हायड्रोजन सुटतो. मोकळ्या हवेत, चष्मा-हातमोजे घालून, विडीकाडी दूर ठेवून. स्टेमचंही तेच. पोस्ट न हलणारी सायकल तुमच्या मापाची कधीच होणार नाही.

सुपली_भर_छर्रे
वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रिंट काढून ठेवते.

जानापाव८५४
सायकल हातात आल्यावर सुतळीची परीक्षा. सुतळीचं एक टोक मागच्या एका ड्रॉपआउटला, तिथून पुढे हेड ट्यूबला वळसा, परत मागे दुसऱ्या ड्रॉपआउटला. ताणून बांधायची. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. एक-दीड मिमीचा फरक चालतो. ५ मिमी आला तर मागचा त्रिकोण वाकडा आहे.

रच्याकने, ५ गिअरची सायकल म्हणजे मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिमी. ७ गिअरचं चाक १२६ ला येतं. स्टील आहे, हाताने जरा फाकवलं की बसतं.

उलटे_आटे
थोडं थांबा. १२६ चं चाक १३० च्या फ्रेमला किंवा उलट, ४ मिमीची गोष्ट वेगळी. १२० ते १३० म्हणजे दर बाजूला ५ मिमी. नुसतं फाकवून चाक घुसवलं तर ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत, आस वाकतो आणि काही महिन्यांत तुटतो. फाकवायचंच तर सुतळी लावून एक एक बाजू थोडी थोडी वाकवायची आणि शेवटी ड्रॉपआउट सरळ करायचे. त्यासाठी दोन्हीकडून बसणारं हत्यार लागतं, डोळ्याने होत नाही.

जानापाव८५४
मी १२६ म्हटलं होतं, १३० तुम्ही आणलंत. पण ड्रॉपआउटचा मुद्दा मान्य. १२० चाच हब ठेवून नवं रिम बांधलं तर हा सगळा व्याप टळतो, आणि ५ गिअर रविवारला पुरतात. चेन ६-७-८ गिअरची चालते.

राजवाडा_ते_राऊ
फोटो आले. पहिल्यांदा वाईट बातमी: पोस्टवर ठोकलेला आकडा २४. ड्रॉपआउट सपाट, बिननावाचे. वजन १३ किलो ४००. दांडिया_बाजार, तुमचा अंदाज तंतोतंत. स्टिकरबद्दल विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकाने लावला असेल.

आधी म्हणाला होता एकच मालक.

चांगली बातमी: पोस्ट हलली, व्हिडिओत चार बोटं वर आली, खाली जुनं काळं ग्रीस. चेन १/१६ ने वाढलेली. चिमटा मला तरी सरळ दिसतोय. डाउन ट्यूबखाली मात्र रंगात केसासारखी एक रेघ आहे, फोटो ७ बघा. जीव त्यातच अडकलाय.

माळवी_मिसळ
एकच मालक, पण त्याला आधीचा मालक. पुद्दुचेरीत पुनर्जन्म आहे वाटतं.

उलटे_आटे
फोटो ७ पाहिला. रेघ लगच्या कडेला लागून, कडेचीच वळणं घेत जाते. धडकेची रेघ लगपासून बोटभर मागे, नळीवर आडवी आणि बहुधा सरळ असते, आणि तिच्याखाली धातू उठलेला असतो. ही लग आणि नळीच्या सांध्यात जाड रंग आटून फुटलेली वाटते. पण फोटोवर शपथ घेणार नाही. त्याला सांगा, डोळे मिटून तर्जनीचं टोक नळीच्या लांबीच्या दिशेने रेघेवरून फिरव. लाट लागली तर बोट सांगेल. मग तिरक्या टॉर्चचा व्हिडिओ.

लष्कर_ग्वाल्हेर
आता किंमत. ही यूओ-८ आहे हे गृहीत धरून आधी ३५ हजार हा आकडा विसरा, त्यातला मोठा वाटा स्टिकरचा होता. वजाबाकी करा: दोन रिम, आरे आणि बांधणावळ, दोन टायर-ट्यूब, चेन, ब्रेक पॅड, चारही वायरी नळ्यांसकट, हँडलची टेप, बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेटची सफाई. त्यावर पार्सल. हे सगळं आजच्या भावात मांडून एकूण किती खर्चाची तयारी आहे ते ठरवा आणि उरलेलं सायकलची किंमत म्हणून सांगा. मी १२ च्या वर जाणार नाही.

दांडिया_बाजार
मी १० म्हणालो असतो. आणि त्याच पैशांत ८० च्या दशकातली जपानी फ्रेम दिसली, ब्रिजस्टोन, मियाता, फुजी, तर आधी ती बघा. इंग्लिश आटे, २२.२ चा स्टेम, मागे १२६, शिमानोचे भाग. शिमानोच्या भागांवर मागे दोन अक्षरांचा कोड असतो: पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी १९७७ असं पुढे, दुसरं महिन्याचं. विक्रेता साल सांगतो ते खरं की खोटं ते तिथेच कळतं. दिसायला प्यूजोइतकी नखरेल नाही, पण बिघडली तर सियागंजच्या फेरीत निम्मं काम होतं.

छर्रेवाला
जपानी चांगली, वाद नाही. पण प्यूजोची एवढीही भीती नको. या विशिष्ट सायकलला फ्रेंच आट्यांचे नवे भाग लागतच नाहीयेत. कटोऱ्या आणि आस खराब नसतील तर छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) बदलायचे, बस. बॉटम ब्रॅकेटला १/४ इंचाचे, बाजूला ११. मागच्या हबला १/४ चेच ९-९, पुढच्याला ३/१६ चे १०-१०. छर्र्यांना फ्रेंच-इंग्लिश नसतं. कटोरीत नखाने चाचपून बघायचं. नुसता चमकता पट्टा असेल तर उत्तम, नख खड्ड्यात अडकलं तर कटोरी गेली. गेलीच तर आटे न वापरता आतून फुगून घट्ट बसणारं कार्ट्रिजही मिळतं, पण त्यासाठी चौकोनी आसाचे क्रँक घ्यावे लागतील.

आणि तुम्ही सगळे ज्या कॉटरला नावं ठेवताय, तो भाग भारतात गल्लीबोळात मिळतो.

राजवाडा_ते_राऊ
व्हिडिओ आला, लाट नाही. त्याच्या बोटाला काही लागलं नाही म्हणतो, टॉर्चच्या उजेडातही नळी गुळगुळीत दिसते. १० सांगितले, १५ म्हणाला, १२ ला तुटलं. पैसे पार्सलची पावती दिसल्यावर. ठोकळे लावून बांधायचं त्याने कबूल केलंय, फोटो पाठवणार आहे.

छर्रेवाले, कॉटर इथलाच बसेल ना? की तोही फ्रेंच?

छर्रेवाला
अभिनंदन. तोही फ्रेंच असू शकतो. आपल्याकडे ९.५ मिमीचा चालतो, बऱ्याच फ्रेंच क्रँकना ९ चा लागतो. ९ नाही मिळाला तर ९.५ चा घेऊन सगळीकडून सारखा घासून गोल ९ वर आणायचा, मग उतरती बाजू कानशीने सपाट करायची. दोन्ही कॉटरचा उतार अगदी सारखा हवा, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना एक पाय आधी पोचल्यासारखा वाटतो. बसवताना एक कॉटर पुढून, एक मागून, उलटसुलट. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिल्याशिवाय हातोडी मारायची नाही, नाहीतर सगळा दणका छर्र्यांवर जातो आणि कटोरीत खड्डे पडतात. नट फक्त धरून ठेवायला असतो, त्याने कॉटर ओढायला गेलात तर आटे सोलले जातील. १५-२० किलोमीटर चालवून परत एकदा ठोकायचा आणि नट आवळायचा.

गादीखाली_फडकं
पत्ता ग्वाल्हेरचा दिलात ना?